आधी कुणी बटण दाबलं?

शाळेतल्या प्रश्नमंजूषेत चार गटांपुढे चार बटणं असतात. जो आधी दाबेल त्याचा दिवा लागतो, इतरांची वाट बंद होते. बोट उचललं तरी दिवा तसाच राहतो. हे लक्षात ठेवतं फ्लिप-फ्लॉप नावाचं छोटं सर्किट. शून्य किंवा एक, यांपैकी सांगितलेली अवस्था ते वीज असेपर्यंत धरून ठेवतं. एक्लस आणि जॉर्डन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९१८ साली व्हॉल्व्ह वापरून केलेल्या अशा सर्किटाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. मी बी.ए. झालेला, कवितेत रमणारा माणूस. पण जपून ठेवणाऱ्या वस्तूंचं मला कुतूहल आहे.

बाजारात दोन चिप सहज मिळतात, ७४७४ आणि ४०१३. दोन्हींना चौदा पाय, दोन्हींत दोन-दोन फ्लिप-फ्लॉप. निवडताना आधी व्होल्टेज पाहावं. ७४एलएस७४ ला पाच व्होल्टच लागतात. ७४एचसी७४ दोन ते सहा व्होल्टवर चालते आणि वेगवान असते. नऊ व्होल्टची बॅटरी थेट जोडायची असेल तर ४०१३ घ्यावी. ती तीन ते पंधरा व्होल्ट सोसते. मात्र एकीच्या जागी दुसरी बसवू नये. विजेचे सातवा आणि चौदावा हे पाय दोघींत सारखे, बाकी बहुतेक पायांची कामं वेगळी.

बटण न दाबताच दिवा लागला, की मुलं चिप बदलतात. बहुतेक वेळा चिप निर्दोष असते. आधी चिपच्या पायांवरच मीटर लावून वीज पोहोचते का पाहावं, आणि तिथेच जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. मग मोकळे पाय शोधावेत. न जोडलेला इनपुट आसपासच्या तारांतली खरखर उचलतो. न वापरलेले सेट आणि रिसेट ४०१३ मध्ये ग्राउंडला जोडावेत, ७४७४ मध्ये मात्र धन बाजूला. वीज सुरू होताना फ्लिप-फ्लॉप कोणत्याही अवस्थेत असू शकतो, म्हणून खेळाआधी रिसेट द्यावाच.

गुण मोजणाऱ्या बटणाची तक्रार निराळी. आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबाचे तीन गुण होतात. तिथे रेझिस्टर, कपॅसिटर आणि त्यांच्यापुढे श्मिट ट्रिगर लावावा. एवढं पाहूनही दोष राहिला, तरच चिप बदलावी.

एवढा खटाटोप कशाला? कारण चुकीचा दिवा लागला, तर आधी बटण दाबलेलं मूल चिपला दोष देत नाही. आपलंच बोट उशिरा पडलं असेल, असं समजून ते खाली बसतं.