वाचनात अडणारे मूल : ओळख व नोंद

तिसरीच्या वर्गात असे एखादे मूल पुष्कळदा आढळते. गुरुजींनी सांगितलेली गोष्ट ते मन लावून ऐकते, तिच्यावरील प्रश्नांना इतरांच्या आधी उत्तर देते, आठवडी बाजारातील शेळीच्या सौद्याचा हिशेबही तोंडी बिनचूक सांगते. परंतु तोच धडा पुस्तकातून वाचावयास सांगितला की पहिल्याच ओळीत अडखळते. अशा मुलास मठ्ठ किंवा कामचुकार म्हणून मागच्या ओळीत बसविण्याची रीत जुनी आहे, आणि ती अन्यायाची आहे.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरांनी चौदा वर्षांच्या अशाच एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. १९६३ मध्ये अमेरिकेत सॅम्युएल कर्क यांनी अशा अडचणींना ‘अध्ययन अक्षमता’ हे नाव दिले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत तिचा समावेश केला. २०१८ च्या केंद्रीय सूचनांनी तर तिसरी इयत्ता किंवा वयाची आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल तोवर प्राथमिक चाळणी करण्याचे काम शिक्षकांकडेच सोपविले. निदान व प्रमाणपत्र हे तज्ज्ञांचे काम होय. शिक्षकाने फक्त पाहावे, नोंदवावे आणि पुढे पाठवावे.

काय पाहावे? ‘काम’चे ‘मका’ होणे, घ-ध, भ-म, ब-व यांची अदलाबदल, जोडाक्षर व रफार गळणे या चुका सर्वांच्या परिचयाच्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी विशेष त्रास देते, कारण ती लिहावयाची अक्षराच्या आधी आणि उच्चारावयाची नंतर. अंकांत ३ व ६ ही जणू एकमेकांची आरशातील रूपे. त्यातच मराठी संख्यानामे उलट चालतात. ‘बावन्न’ ऐकून मूल २५ लिहिते, ‘एकोणतीस’ ऐकून ३९. (२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनपद्धती आणली, तेव्हा वाद झाला, पण अडचण खोटी नव्हती.) पहिली-दुसरीत या चुका बहुतेक सर्वच मुले करतात. बरोबरीची मुले पुढे गेल्यावरही, नियमित शिकवूनही त्या जेथे टिकून राहतात, तेथेच शंका घ्यावी. धडा आपण वाचून दाखवावा व तोंडी प्रश्न विचारावेत. ऐकून उमजते आणि वाचून उमजत नाही, हा फरक फार बोलका असतो.

तत्पूर्वी दृष्टी व श्रवण यांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडून अवश्य करून घ्यावी. फळा न दिसणारे मूलही वाचनात मागेच पडते.

धाराशिव जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील कित्येक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तांड्यावरील मूल घरी गोरमाटी बोलते, उमरग्याकडे काही घरांत कन्नड चालते. अशा मुलांचे मागे पडणे ही अक्षमता नव्हे. त्यांना शिकण्याची संधीच अपुरी मिळालेली असते. परंतु याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. ‘ऊसतोड्याचे पोर, गैरहजर असते’ एवढे म्हणून प्रकरण मिटविले, तर त्यांतील खरोखर अडलेले मूल कोणाच्याच नजरेस पडत नाही. हजेरी भरपूर असलेल्या मुलाबाबत मात्र अशी सबब कोणी पुढे करीत नाही.

निदानाच्या प्रचलित निकषांनुसार जादा मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली असावी लागते. ऊसतोडीच्या मुलास मात्र एका शाळेत सलग सहा महिने क्वचितच मिळतात. म्हणून जून महिन्यातच मुलाच्या लेखनाचा एक नमुना तारीख घालून ठेवावा, दर महिन्यास त्यात एकाची भर घालावी, कोणती मदत दिली व किती दिवस हजेरी होती हे सोबत लिहावे. कुटुंब निघण्यापूर्वी त्याची एक प्रत पुढील शाळेच्या गुरुजींसाठी आईवडिलांच्या हाती द्यावी, दुसरी तालुक्याच्या विशेष शिक्षकांकडे पाठवावी. प्रत देताना मूल वेडे नाही, त्यास वेगळ्या रीतीने शिकवावे लागेल, हे आईवडिलांना सोप्या शब्दांत सांगावे. मूल परत आले की वही पुन्हा तेथूनच पुढे चालू करावी.