प्रबंधाची भाषा, पुराव्याची भाषा

रत्नागिरीच्या न्यायालयात साक्षीदार मराठीत बोलतो. दावा आणि कैफियतही बहुधा मराठीत असते. महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा मराठी असल्याची अधिसूचना १९९८ साली निघाली. तेच प्रकरण उच्च न्यायालयात गेले, की राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार इंग्रजी सुरू होते आणि मराठी कागदांची भाषांतरे जोडावी लागतात. इथल्या भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालयातून वकील होणारा विद्यार्थी या दोन भाषांमध्ये सतत ये-जा करत असतो. एलएलएमनंतर त्याने डॉक्टरेटचा विचार केला, की पहिली धास्ती इंग्रजीची वाटते. मुंबई, बंगळुरू, लंडन की अमेरिका, हे मग ‘आपले इंग्रजी कुठे निभावेल’ यावर ठरते. हा प्रश्न खरा आहे, पण तो दुसरा आहे. पहिला प्रश्न असा, की आपल्या विषयाचा पुरावा कोणत्या भाषेत आहे?

उदाहरण घरचेच घेऊ. खोत हा जमिनीचा मालक, की सरकारसाठी सारा गोळा करणारा वतनदार? एकोणिसाव्या शतकात या एका प्रश्नावर रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या वाद झाले. मुरुडचे विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारख्या नामांकित वकिलाने खोतांची बाजू हिरिरीने मांडली. १८८० मध्ये खोती सेटलमेंट अ‍ॅक्ट आला. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि अखेर १९४९ च्या कायद्याने खोती संपली. या इतिहासात ‘खोत’ला इंग्रजीत जमीनदार म्हटले, तर अर्धा वाद न ऐकताच निकालात निघतो. धारेकरी, कूळ, वहिवाट, फेरफार या शब्दांचेही तसेच. जुनी दफ्तरे मोडीत, नंतरचे कागद मराठीत, निवाडे इंग्रजीत. हे तिन्ही वाचू शकणारा संशोधक जगात मोजकाच सापडेल, आणि असा माणूस आपल्या मराठीला अडचण समजून सगळ्या जगाला ठाऊक असलेला एखादा इंग्रजी विषय निवडतो, तेव्हा त्याच्याबरोबर ती दफ्तरेही न वाचलेली राहतात.

आता अभ्यासक्रमांकडे पाहू. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान ३ आणि सर्वसाधारणपणे कमाल ६ वर्षे मिळतात. सुरुवातीला किमान १२ श्रेयांकांचा वर्गाभ्यास असतो. पुरावा कोकणात असेल, तर हा मार्ग संशोधकाला पुराव्याजवळ ठेवतो. ब्रिटनमध्ये वर्गाभ्यास थोडा असतो. पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा त्यानंतर काही लिखाण तपासून पुढे जाऊ द्यायचे की नाही हे ठरते आणि शेवटी साधारण १ लाख शब्दांपर्यंतचा प्रबंध द्यावा लागतो. म्हणजे बोलण्यापेक्षा लिहिण्याची कसोटी मोठी. अमेरिकेतील कायद्याच्या डॉक्टरेटला, म्हणजे एसजेडी किंवा जेएसडीला, वाट बहुधा तिथल्या एलएलएममधून जाते. येलमध्ये तर तिथेच एलएलएम करणाऱ्यांनाच प्रवेश मिळतो. तेव्हा आधी एक वर्ष भराभर वाचन, वर्गातील चर्चा आणि वेळेत बांधलेल्या परीक्षा, शिवाय त्या वर्षाचा खर्च. जर्मनीत मार्गदर्शकाने आधी होकार देणे महत्त्वाचे असते. अनेक विद्याशाखा परवानगीने इंग्रजी प्रबंध स्वीकारतात, पण ते नियम त्या त्या विद्याशाखेचे असतात.

प्रवेशासाठी आयएलटीएससारखी परीक्षा लागते आणि नामांकित कायदा विभाग ७ किंवा ७.५ गुण मागतात. त्या परीक्षेतील मोठा निबंध किमान २५० शब्दांचा, ४० मिनिटांत लिहायचा असतो. दारावरची ही चौकशी आहे. लाखभर शब्दांत एक युक्तिवाद तोलून धरण्याची क्षमता ती मोजत नाही. म्हणून गुणांपेक्षा मार्गदर्शकाला विचारायचे प्रश्न महत्त्वाचे. मसुदा वाचून ते लेखी शेरे देतात का? विद्यापीठात संशोधकांसाठी लेखन-साहाय्य आहे का? पुराव्यासाठी सहा महिने भारतात राहता येईल का, आणि त्या काळात विद्यावेतन चालू राहील का? मराठी उताऱ्यांचे भाषांतर संशोधकाने स्वतः केलेले चालते का? आणि हा विषय तपासू शकेल असा परीक्षक मिळेल का?

जुन्या दोन वाटा इथे उपयोगी पडतात. मंडणगडजवळच्या आंबडवे गावचे मूळ असलेल्या आंबेडकरांच्या दोन्ही डॉक्टरेट अर्थशास्त्रातल्या, कायद्याची पात्रता ग्रेज इनची. प्रांतिक अर्थव्यवस्था आणि रुपया हे त्यांचे विषय होते. त्यांचे कागद सरकारी, इंग्रजीतले आणि मोठ्या प्रमाणात लंडनच्या इंडिया ऑफिसमधले. तिथे जाणे विषयाला धरूनच होते. १९२१ मध्ये त्यांनी जर्मनीत बॉन विद्यापीठातही नाव नोंदवले, पण तो अभ्यास पुरा झाला नाही. चिपळूण तालुक्यात जन्मलेले, दापोलीत शिकलेले आणि काही काळ रत्नागिरीच्या शाळेत शिकवलेले पांडुरंग वामन काणे मात्र मुंबईतच एलएलएम होऊन वकिली करत राहिले. त्यांचा पुरावा संस्कृतात होता. १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड त्यांनी इंग्रजीत लिहिले, आणि १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. एक परदेशी गेला, एक इथेच राहिला. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, आणि दोघांनीही जगासाठी लिहिले ते इंग्रजीतच.

इंग्रजी शिकावेच लागेल, आणि कायद्याची इंग्रजी चार वर्षे रोज लिहून येते. मोडी वाचणारा, कुळाची कैफियत एका वाचनात समजणारा डोळा मात्र कोणतेही विद्यापीठ चार वर्षांत देत नाही. तो ज्याच्याजवळ आहे, त्याने अर्जातील संशोधन-आराखड्यात ही गोष्ट पहिल्याच पानावर लिहावी आणि जिथे तिची कदर होईल तिथे जावे, मग ते गाव मुंबई असो वा लंडन.