चेंडू सरळ गेला, पण फटका बरोबर बसला का?

संशोधनाची तयारी करणारी मुलं एक प्रश्न हमखास विचारतात: मोजमापाचं साधन चांगलं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? आज त्याचं उत्तर गोल्फच्या मॅटवरून देतो. घरात किंवा गच्चीवर जाळी लावून सराव करणारे लोक कृत्रिम गवताच्या ज्या तुकड्यावर चेंडू ठेवून मारतात, ती ही मॅट. गोल्फ कधी खेळला नसाल तरी चालेल.

मॅट घ्यायला गेलं की पहिला प्रश्न येतो, "चांगली कुठली?" या प्रश्नावर काम करता येत नाही, कारण 'चांगली' म्हणजे काय तेच ठरलेलं नाही. मॅटचं काम काय, इथून सुरुवात करा. तिला गवताची जागा घ्यायची आहे. म्हणजे खरा प्रश्न असा: गवतावर जे घडतं, त्यातलं काय मॅटवरही तसंच घडतं आणि काय घडत नाही?

मॅट काय लपवते

जमिनीवरचा चेंडू आयर्नने मारताना क्लबहेड खाली येतं, आधी चेंडूला लागतं आणि मग जमिनीला. व्यावसायिक खेळाडूंचं 7 नंबरचं आयर्न चेंडूपाशी साधारण 4 अंश उताराने येतं. नवशिक्याचा क्लब बरेचदा चेंडूच्या आधीच जमिनीला लागतो. याला फॅट शॉट म्हणतात. गवतावर त्याची शिक्षा जागच्या जागी मिळते. क्लब मातीत रुततो, वेग जातो आणि चेंडू जवळच पडतो.

आता कडक मॅट घ्या. वर नायलॉनचे आखूड धागे, खाली घट्ट रबर. क्लबला रुतायला जागाच नाही, त्यामुळे तो घसरत किंवा उसळत पुढे जातो आणि चेंडूला लागतो. चेंडू जाळीत सरळ जातो. खेळणारा खूश!

म्हणजे बरोबर फटका आणि चुकलेला फटका, दोघांनाही हे साधन जवळपास सारखाच निकाल देतंय. आपल्या भाषेत, इथे विश्वसनीयता आहे, वैधता नाही. शिवाय ही चूक एकाच दिशेने होते, म्हणून 50 ऐवजी 500 चेंडू मारले तरी ती भरून निघत नाही. सॅम्पल वाढवल्याने यादृच्छिक चुकीचा परिणाम कमी होतो, पद्धतशीर चुकीचा नाही. हा फरक पुस्तकात वाचून पटत नसेल तर कडक मॅट आठवा.

हाताचा हिशेब

मॅट जे लपवते ते हाताला मात्र कळतं. क्लबच्या वेगात तेवढाच बदल दुप्पट वेळेत झाला, तर सरासरी बल निम्मं होतं. अकरावीचं भौतिकशास्त्र. माती आणि मऊ फोम हा वेळ वाढवतात. काँक्रीटवर अंथरलेली पातळ मॅट वाढवत नाही. तो दणका मनगटात आणि कोपरात जातो. कोपराच्या आतल्या बाजूला, स्नायू हाडाला जोडलेले असतात तिथल्या दुखण्याला 'गोल्फर्स एल्बो' असं नावच आहे. क्लब जमिनीवर आपटून तळहाताच्या बुडाशी असलेलं हॅमेट नावाचं छोटं हाडही मोडू शकतं. त्यामुळे मॅटची निवड फक्त पैशाची बाब नाही.

मग निवडायचं कशावर?

- चेंडूखालचा थर: मऊ फोम किंवा जेलची पट्टी असावी, क्लब थोडा तरी आत जायला हवा. पायाखालचा भाग मात्र घट्ट हवा, नाहीतर तोल जातो.
- पातळी: चेंडू 3 सेंमी जाड मॅटवर आणि पाय फरशीवर असतील, तर तुम्ही वेगळाच फटका शिकताय. मोठी मॅट घ्या, किंवा पायाखाली तेवढ्याच उंचीचं काही टाका.
- झीज: सगळे फटके एकाच जागी बसतात. तिथले धागे दबले की साधनच बदलतं. चेंडूखालची पट्टी बदलता येत असेल तर उत्तम.
- वापर: ड्रायव्हरचा चेंडू टीवर असतो, क्लबचा मॅटशी फारसा संबंध येत नाही. फक्त ड्रायव्हरच मारायचा असेल तर महागड्या पट्टीवर खर्च नको. आधी छताची उंची बघा.

घ्यायच्या आधी छोटी चाचणी

चेंडूच्या मागे साधारण 10 सेंमीवर घडी घातलेला पातळ टॉवेल ठेवा. क्लब टॉवेलला लागला, तर फटका फॅट. एकाच आयर्नने दोन मॅटवर आळीपाळीने 10-10 चेंडू मारा. आधी एकीवर सगळे आणि मग दुसरीवर सगळे, असं नको. दुसरीच्या वेळी हात एकतर थकलेला असतो, नाहीतर सरावलेला. प्रत्येक फटक्यानंतर 'चांगला' की 'वाईट' हे तुम्ही टॉवेलकडे न बघता सांगा आणि टॉवेल हलला का, ते मित्राला लिहू द्या. मग दोन्ही रकाने शेजारी ठेवा. ज्या मॅटवर तुमचं मत आणि टॉवेल जास्त वेळा जुळले, ती मॅट तुम्हाला खरं सांगते. शक्य असेल तर शेवटी 10 चेंडू खऱ्या गवतावर मारा. 'ग्राउंड ट्रुथ' हा शब्द इथे अगदी शब्दशः लागू पडतो.

आता तुमच्या प्रश्नावलीकडे किंवा सेन्सरकडे वळा. ते बरोबर उत्तर पकडतं का, हे आपण सगळेच तपासतो. मुद्दाम एक चुकीचं उत्तर देऊन बघा: विषयाची काहीच माहिती नसलेल्या माणसाकडून प्रश्नावली भरून घ्या, किंवा सेन्सरसमोर नको ती वस्तू ठेवा. तरीही आकडे छान आले, तर डेटा गोळा करायला अजून सुरुवात करू नका.