कुसळं, बुरशी आणि बेचाळीस किलोमीटर

ऑक्टोबरात बारवी धरणाच्या रस्त्याला, कडेच्या पायवाटेनं धावून आलेल्या बदलापूरकराचे मोजे बघावेत. कुसळी गवताची टोकं त्यात अशी रुतलेली असतात की एकेक चिमटीत धरून उपटावं लागतं. कुसळ निदान दिसतं तरी. गवताचा परागकण मिलिमीटरच्या तिसाव्या भागाएवढा, तो डोळ्यांना दिसतच नाही. घरी येऊन बूट काढेपर्यंत शिंकांची सरबत्ती सुरू होते आणि आतून आवाज येतो, "सांगत होते ना, पहाटेची थंडी बाधेल म्हणून!" बिचारी थंडी फुकटच बदनाम होते.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात हौसेनं धावणाऱ्या आणि लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच तारीख असते: जानेवारीतला तिसरा रविवार. २००४ साली सुरू झालेली मुंबई मॅरेथॉन त्या दिवशी असते. सोळा ते वीस आठवड्यांचा सराव मागे मोजत गेलं की सुरुवात ऑगस्ट-सप्टेंबरात येते. गंमत अशी की आपल्याकडे नाक आणि छाती छळणारा हंगामही जवळपास तेवढाच. परदेशी पुस्तकांत ॲलर्जीचा ऋतू म्हणजे वसंत. ती वाचून आपले धावपटू मार्चमध्ये सावध होतात आणि सप्टेंबरात बेसावध सापडतात.

आपला हंगाम सुरू होतो तो घरातूनच. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल धरते, कपाटामागे काळपट ठिपके उमटतात, धावण्याचे कपडे दोन दिवस दोरीवर राहूनही दमटच. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या, पुराचं पाणी पाहिलेल्या तळमजल्यांना ही ओल दिवाळीपर्यंत सोडत नाही. बुरशीच्या काही जातींचे बीजाणू दोन-चार मायक्रॉनचेच असल्यानं नाकाच्या गाळणीतून निसटून थेट छातीपर्यंत उतरतात. त्याच दमट हवेत गादी-उशीतले डस्ट माइटही फोफावतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात माळावरचं गवत फुलतं. बदलापूरच्या नव्या इमारतींमधल्या मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं होतं. १९५०च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं हे परदेशी तण आता इथलंच झालंय. त्याचे पराग नाकाला झोंबतात आणि पानं घासली गेली तर पोटऱ्यांवर पुरळ उठतो. मग भातकापणी, झोडणी, पेंढ्याची धूळ. मग फटाके. जानेवारी-फेब्रुवारीत वावळ फुलतो, पण तोवर मॅरेथॉन उरकलेली असते.

यात दिवाळीची साफसफाई कोणी धरत नाही. शनिवारी माळा उपसायचा, वर्षभराची धूळ नाकातोंडात घ्यायची आणि रविवारी पहाटे पंचवीस किलोमीटरला निघायचं. मग आठव्या किलोमीटरला पाय शाबूत असताना दम संपतो आणि दोष बुटांना जातो. माळा झाडताना तोंडाला एन-९५ मास्क लावा, गाद्या ऑक्टोबरच्या उन्हात दिवसभर टाका आणि लांबची धाव त्या आठवड्यात सफाईच्या आधी उरकून घ्या.

धावणाऱ्यालाच हा त्रास जास्त का, याचं उत्तर साध्या हिशेबात आहे. बसल्या जागी माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोरात धावताना हा आकडा शंभराच्या घरात जाऊ शकतो. साधारण पस्तीस-चाळीस लिटरच्या पुढे नाक पुरेनासं होतं आणि तोंड उघडतं. नाक हवा गाळतं, ओली करतं, कोमट करतं; तोंडाला यातलं फारसं काही जमत नाही. कोरडी हवा श्वासनलिकेतला ओलावा शोषते, नलिका आवळतात, खोकला येतो, छातीत शीळ वाजते. बहुधा हे धावताना होत नाही. थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत होतं. म्हणूनच पाणी पिताना ठसका लागला असेल, असं म्हणून ते सोडून दिलं जातं. नाक आधीच चोंदलेलं असेल तर तोंड लवकर उघडतं, म्हणून नाकाची ॲलर्जी आटोक्यात ठेवणं हे छातीचंही काम आहे.

या पट्ट्यात आणखी एक घोळ आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास रात्री-पहाटे उग्र दर्प येतो, तेव्हा होणारी घशाची आग ही ॲलर्जी नव्हे. ती रसायनानं केलेली जळजळ आहे आणि ॲलर्जीच्या गोळीनं ती जात नाही. २०१४च्या नोव्हेंबर अखेरीस वालधुनीत रसायनं सोडली गेली तेव्हा उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाचा त्रास झाला. जून २०२१मध्ये बदलापुरात वायुगळतीनंतर पुन्हा तेच. दर्प आला की मार्ग बदलावा किंवा सरळ घरी फिरावं. 'एवढं किलोमीटर पूर्ण करू' हा हट्ट इथे कामाचा नाही.

पहाटेच धावायचं, या परंपरेलाही मी थोडा हात लावणार आहे. हिवाळ्यात जमिनीलगत थंड हवेचा थर बसतो आणि धूर, धूळ त्याखाली कोंडून राहतात. डिसेंबरात सकाळी आठ-नऊनंतरची हवा बरी असते. पण बदलापूर ते सीएसएमटी अडुसष्ट किलोमीटर, आणि सकाळची लोकल कोणासाठी थांबत नाही. म्हणून आठवड्यातल्या छोट्या धावा पहाटे चालतील, वेगाचा सराव सुट्टीच्या दिवशी जरा उशिरा ठेवावा. परतीच्या पावसात विजा कडाडत वादळ येतं त्या संध्याकाळी मात्र बाहेर पडू नये. ओलाव्यानं परागकण फुटून बारीक होतात आणि छातीत खोल जातात. २१ नोव्हेंबर २०१६ला मेलबर्नमध्ये अशाच वादळानंतर हजारोंचा दमा उसळला आणि दहा जणांचा जीव गेला.

औषधांबाबत आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक तर मेडिकलवाल्याकडून मिळेल ती सर्दीची गोळी, नाहीतर "पंपाची सवय लागते" म्हणून दम्याच्या पंपाला हातच लावायचा नाही. जुन्या सर्दीच्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामाइन झोप आणतं, घामही कमी करू शकतं. ऑक्टोबरच्या उन्हात धावणाऱ्याला ते परवडत नाही. फेक्सोफेनाडिनसारख्या नव्या गोळ्यांनी गुंगी कमी येते. नाकात मारायच्या स्टेरॉइड स्प्रेचा पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तो गणपतीच्या सुमारासच डॉक्टरांना विचारून सुरू करावा. जलनेती उपयोगी आहे, पण पाणी उकळून कोमट केलेलंच हवं. नळाचं थेट नको. आणि पंपाची सवय लागत नाही. किशोरवयापासून दमा असलेल्या ब्रिटिश धावपटू पॉला रॅडक्लिफनं २००३ साली लंडनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून केलेला महिलांचा जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला.

धावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं अंग गरम करावं आणि त्यात चार-पाच छोटे जोरकस झपाटे मारावेत. अनेकांच्या नलिका त्यानंतर तासभर तरी सहज आवळत नाहीत. बिनखर्चाचा उपाय, तरी आपले लोक थेट स्टार्ट रेषेवर सेल्फी काढत उभे.

राज्य पातळीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या मुलांच्या पालकांनी एवढं ध्यानात ठेवावं. साल्ब्युटामॉलचा पंप उत्तेजकविरोधी नियमांत चालतो, पण २४ तासांत १६०० आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमच्या आतच. त्याच औषधाच्या गोळ्या चालत नाहीत. खोकल्याच्या बऱ्याच सिरपमध्ये टर्ब्युटॅलिन असतं, तेही विनापरवानगी बंदीचं. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मुलाला चमचाभरही देऊ नका.

दिवाळीच्या सुमारास मॅरेथॉनला साधारण बारा आठवडे उरलेले असतात आणि सर्वांत लांब धावा पुढेच असतात. थांबल्यावर छातीत एकदा जरी शीळ वाजली असेल, तरी पुढच्या लांब धावेआधी फुप्फुसतज्ज्ञाकडून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाची चाचणी, करून घ्या. तपासणी अर्ध्या तासाची असते.