वहीपूजन आणि आद्याक्षरांचे शास्त्र

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी घोडनदीकाठच्या शिरूरच्या पेठेत काय किंवा भीमाकाठच्या दौंडच्या बाजारात काय, वहीपूजनाचा थाट आजही पूर्वीसारखाच असतो. कोऱ्या चोपडीच्या पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली श्रीकार, विड्याचे पान, सुपारी, धणे आणि गूळ. शेजारी आता संगणकही ठेवलेला असतो आणि त्यालाही हळदकुंकू वाहिले जाते. मात्र पूजेमागच्या भिंतीवर चौकटीत टांगलेल्या प्रमाणपत्रांकडे बोट दाखवून, ही अक्षरे कशाची, असे आम्ही यजमानांना विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते, "ते आमचे सीए पाहतात!" ज्या अक्षरांवर आपला व्यवहार उभा आहे, ती अक्षरे परक्याच्या स्वाधीन करून लक्ष्मीचे आवाहन करावे, हे आम्हांस काही रुचत नाही.

वस्तुतः आद्याक्षरांची आपल्याला भीती वाटण्याचे कारण नाही. आम्हां कीर्तनकारांच्या नावामागे ह.भ.प. ही तीन अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. पत्रावर मु. पो. लिहिताना कोणी अडखळत नाही. पाणिनीने तर संक्षेपाचे शास्त्रच उभारले. पहिला वर्ण आणि शेवटची खूण एवढेच घ्यावयाचे आणि मधले सारे त्यात सामावले असे समजावयाचे. 'अच्' म्हटले की नऊ स्वर हजर होतात, 'हल्' म्हटले की सारी व्यंजने. ज्या भूमीत हे घडले, तेथील व्यापाऱ्याने 'जीएसटीआयएन' पाहून कपाळाला आठ्या घालाव्यात काय?

तोच क्रमांक उलगडून पाहू. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून देशभर लागू झाला आणि नोंदणी केलेल्या प्रत्येकास १५ चिन्हांचा क्रमांक मिळाला. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढील दहा चिन्हे म्हणजे धन्याचा पॅन. तेरावे चिन्ह त्याच पॅनवर राज्यात कितवी नोंदणी आहे ते सांगते, चौदाव्या जागी बहुधा 'झेड' हे अक्षर असते आणि पंधरावे चिन्ह आधीच्या चौदांची गणिती पडताळणी करते. पॅनमधील चौथे अक्षर तर धन्याचे गोत्रच सांगते. 'पी' म्हणजे एकटी व्यक्ती, 'एफ' म्हणजे भागीदारीची पेढी, 'एच' म्हणजे अविभक्त हिंदू कुटुंब, 'सी' म्हणजे कंपनी. बिलाच्या शिरोभागी 'प्रायव्हेट लिमिटेड' असे ठळक छापलेले आणि क्रमांकात मात्र त्या जागी 'पी', असे दिसले तर रक्कम देण्यापूर्वी चौकशी करावी. तो क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य तपासता येतो.

'एचएसएन' हा मालाच्या नामकरणाचा कोश आहे. ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने सिद्ध केलेली ही पद्धती १९८८ पासून अमलात आली. तिच्यातील सतरावा अध्याय साखरेचा आणि साखरेच्या जिनसांचा. दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांतून निघणारा गूळ त्यातील १७०१ या शीर्षकाखाली येतो. येथे नावापेक्षाही वेष्टनाला महत्त्व आहे. वेष्टन व लेबल नसलेल्या ढेपेवर कर नाही. परंतु तोच गूळ वेष्टनात बांधून, लेबल लावून विकला, तर १८ जुलै २०२२ पासून त्यावर ५ टक्के कर आहे. काकवी तीच, कढई तीच आणि केवळ वस्त्र पालटल्याने करपात्रता आली! वेदान्त्यांनी उपाधी म्हणतात ती हीच असावी.

नोंदणी कोणास आवश्यक? केवळ मालाचा व्यापार असेल, तर आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेल्यास, आणि सेवा असेल तर २० लाखांवर. दीड कोटीपर्यंतच्या छोट्या दुकानदारांना 'कंपोझिशन' नावाची सुटसुटीत वाट आहे. तिथे उलाढालीवर एक टक्का भरावा लागतो, मात्र गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही. अशा दुकानदाराने बिलात कर लावला, तर तो देऊ नये. उलट 'आयटीसी', म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, ही नेहमीच्या नोंदणीची सवलत. पण १ जानेवारी २०२२ पासून तीही पुरवठादाराने आपले विवरण भरले असेल तरच मिळते. महिन्याच्या चौदा तारखेला 'टू-बी' नावाचे पत्रक तयार होते, त्यात आपली खरेदी दिसते की नाही हे पाहावे. न दिसल्यास त्या व्यापाऱ्याला सत्वर दूरध्वनी करावा, कारण त्याच्या आळसाचा भुर्दंड आपल्या खिशाला बसतो.

दोन शब्द मात्र आद्याक्षरे वाटतात पण नव्हेत. रांजणगावच्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्यांच्या फलकावर दिसणारे 'आयएसओ' हे त्या जागतिक संस्थेच्याच म्हणण्याप्रमाणे ग्रीक 'इसॉस', म्हणजे सम, या शब्दावरून घेतलेले आहे. दुसरा शब्द 'उद्यम', जो निखळ संस्कृत आहे. आणि खरा जिव्हाळ्याचा विषय हाच आहे.

रांजणगाव, सणसवाडी, कुरकुंभ येथील मोठ्या कारखान्यांभोवती शेकडो लहान कार्यशाळा जगतात. माल वेळेवर जातो. पैसे येत नाहीत. चार महिने उलटतात, कामगारांचा पगार उसनवारीवर होतो आणि पुढचे काम जाईल या धास्तीने मालक मागणी करीत नाही. २००६ च्या 'एमएसएमई' कायद्याने या दुबळ्याच्या हाती शस्त्र दिले आहे. करारात काहीही लिहिलेले असो, सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिलेच पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. तक्रार सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे करावयाची. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून, मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही.

हे संरक्षण केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदारास नाही, हे ध्यानात असावे. ज्यांना आहे, त्यांनी जुलै २०२० पासून सुरू असलेली 'उद्यम' नोंदणी माल देण्यापूर्वीच करावी. मागाहून केलेली नोंदणी जुन्या येण्याला उपयोगी पडेलच असे नाही. १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, तेव्हा आपल्या परिसरातील बहुतेक कार्यशाळा त्यात बसाव्यात. नोंदणीस एक पैसाही लागत नाही. शुल्क मागणारी संकेतस्थळे शासनाची नव्हेत. मिळालेला क्रमांक बिलावर छापावा. दिवस मोजले जातात ते माल स्वीकारल्यापासून, आणि पंधरा दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. म्हणून कारखान्याच्या फाटकावर चलनाच्या प्रतीवर तारखेसह सही-शिक्का घेतल्यावाचून आपला टेम्पो माघारी फिरू देऊ नये.