गार सावली कोणत्या झाडाची?

वैशाखातील भर दुपारी शहापूरच्या बाजारपेठेतील पत्र्यांखालून निघून तानसा अभयारण्याकडे, अथवा मुरबाडहून माळशेजच्या वाटेने जाणाऱ्या वाटसरूस आंब्याखाली जो गारवा लाभतो, तो केवळ ऊन अडल्याचा नव्हे. ऊन तर पत्राही अडवितो, परंतु स्वतः तापून तीच उष्णता खालच्या माणसावर ओततो. पान मात्र मुळांनी जमिनीतून ओढलेले पाणी सूक्ष्म छिद्रांवाटे वाफरूपाने सोडीत असते, आणि पाझरणारा माठ गार राहतो तद्वत तेही फारसे तापत नाही. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता खर्ची पडते, तेवढीत बर्फासारखे थंड असे पाच लिटर पाणी उकळून वर शिल्लक उरेल.

मेख मात्र निराळीच आहे. शहापूर-मुरबाड तालुक्यांतील जंगलात सागाचा भरणा मोठा, आणि साग तर ऐन उन्हाळ्यात पाने झाडून मोकळा! सबब सरकारी जागांत वा नव्या गृहसंकुलांच्या आवारांत वृक्षारोपण करताना अंमलदारांनी नुसत्या संख्येचे तक्ते न भरता उन्हाळ्यातही पाने राखणाऱ्या आंबा, जांभूळ, वड यांस अग्रक्रम द्यावा, आणि बुंध्याभोवती फरसबंदी करू नये. कारण मुळांशी पाण्याची टंचाई होताच पाने छिद्रे मिटून घेतात.