‘मी’ची सीमा पुसते तेव्हा

१९६२ सालच्या गुड फ्रायडेला बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलच्या तळघरात धर्मशास्त्राचे २० विद्यार्थी वर चाललेली उपासना ध्वनिक्षेपकावरून ऐकत होते. वॉल्टर पान्के या डॉक्टरने त्यांतल्या १० जणांना काही अळंब्यांत सापडणारे सायलोसायबिन दिले होते, तर उरलेल्यांना निकोटिनिक आम्ल, ज्याने नुसते अंग गरम होते. आपण आणि जग यांत सीमाच उरली नाही, सारे एकच आहे, असा अनुभव मुख्यतः पहिल्या गटाने सांगितला. श्रद्धाळू मुले, पवित्र दिवस, दुसरे काय होणार, असा आक्षेप यावर घेतला जातो. वातावरणाचा वाटा होताच. पण ते दोन्ही गटांना सारखेच होते. खरा दोष निराळा: कोणाला काय मिळाले, हे थोड्याच वेळात सगळ्यांना कळून चुकले. म्हणून जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रोलंड ग्रिफिथ्स यांचा २००६ मधला, ३६ जणांवरचा अधिक काटेकोर प्रयोग मला मोलाचा वाटतो. त्यातही असेच अनुभव आले.

मग हा मेंदूचा नुसता बिघाड म्हणायचा का? मेंदूच्या डाव्या भागात १९९६ मध्ये रक्तस्राव झाला, तेव्हा आपले शरीर कुठे संपते हेच कळेनासे झाले आणि अपार शांत वाटले, असे मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्टी टेलर सांगतात. पण ‘मी वेगळा’ ही रोजची जाणीवही मेंदूच घडवत असतो. तेवढ्याने ती खोटी ठरत नसेल, तर एकत्वाची जाणीव तेवढ्याने खोटी कशी ठरेल? अर्थात, अनुभव आला म्हणून विश्व एकच आहे, हेही सिद्ध होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या अद्वैत ऐकत आलेल्या आपण ही घाई विशेष टाळावी. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ मध्येच सुचवले होते, की अशा अनुभवांचे मोल उगमावरून नव्हे, फळांवरून ठरवावे.

पान्के यांच्या प्रयोगाची ती फळे संशोधक रिक डॉब्लिन यांनी त्यानंतर सुमारे पाव शतकाने शोधली. सायलोसायबिन घेतलेले जे ७ जण त्यांच्याशी बोलले, त्या सर्वांनी तो दिवस आपल्या आध्यात्मिक आयुष्यातला एक उच्च बिंदू मानला. पण बहुतेकांनी भीतीचे, घालमेलीचे क्षणही सांगितले. एकाला तर त्या दिवशी शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले होते, आणि पान्के यांनी प्रयोगावरच्या आपल्या प्रबंधात त्याचा उल्लेखच केला नव्हता. एकत्वाचे गोडवे गाताना ही भीती झाकणे मला अक्षम्य वाटते. भारतात सायलोसायबिन १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येते. कुतूहलापोटी त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये.